आक्का नगं म्हणायची

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मी ब्लाउज शिवते. कोण सुटलं आणि कोण वाळलं, हे त्या बायकांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं. प्रत्येक ब्लाउजच्या आत दोन्ही बाजूंना मी बोटभर माया ठेवते, म्हणजे पुढं उसवून सैल करता येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "कशाला एवढी माया, मी आता बारीकच होणारे." मी मान हलवते आणि माया ठेवते. काही महिन्यांनी तीच बाई तोच ब्लाउज पिशवीत घालून येते आणि खाली बघत सैल करून मागते. घट्ट करून मागायला पुन्हा पुन्हा आलेली एकच बाई मला आठवते. ती माझी सख्खी थोरली बहीण होती.

मी स्वतः पहिल्यापासून अंगानं भरलेली. लग्नात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "पोरगी खात्यापित्या घरची दिसती." आमच्या घरचं खाणंपिणं काय होतं ते आमचं आम्हालाच ठाऊक. मशीनवर बसून बसून मी आणखी वाढले आणि मग उपाय सुरू झाले. कोबी उकडून त्याचं पाणी प्याले, जिऱ्याचं पाणी प्याले, मेथ्या गिळल्या. सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी तर होतीच. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दुप्पट खाऊन मोकळी व्हायचे. औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर चपला काढून, मंगळसूत्र मुठीत वर धरून उभी राहायचे, जसं काही वर धरल्यानं काटा ते वजनात धरणारच नाही. खाल्लं की अपराध वाटायचा आणि नाही खाल्लं की डोकं फिरायचं. त्या फिरलेल्या डोक्याचा प्रसाद नवऱ्याला आणि गिऱ्हाइकांना सारखाच मिळायचा.

आक्काचं याच्या उलट. ती काटकुळी, उंच, चालायला लागली की मला मागं धावावं लागायचं. आम्ही पिशोरकडचे, धनगराच्या घरचे. वडिलांच्या मेंढ्या होत्या. पाऊसकाळ सरला की घरदार घोड्यावर बांधून ते मेंढ्यांमागं निघायचे, आई आणि आक्का सोबत. लोकांच्या मोकळ्या वावरात रात्रभर मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत त्यांना, त्याबदल्यात धान्य आपल्याला. मला मात्र शाळेसाठी शहरात मामाकडं ठेवलेलं. त्यामुळं आक्का जे शिकली ते मी शिकले नाही.

ती काय शिकली, ते सांगते. वावराच्या मालकीणबाई कधी कधी बांधावर पिठलं-भाकरी घेऊन यायच्या. त्या "घ्या" म्हणाल्या की पहिल्यांदा म्हणायचं, "नगं, आत्ताच जेवलो." पोटात काही नसलं तरी हेच म्हणायचं. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं तरी नगंच. तिसऱ्यांदा त्यांनी हात धरून, आण घालून म्हटलं की मग घ्यायचं. पहिल्या हाकेला हात पुढं करणारा हावरट, आणि एक जण हावरट निघाला की सगळ्या बिऱ्हाडाची लाज जाते. आई म्हणायची, "दुसऱ्याच्या बांधावर राहणाऱ्यानं पहिल्या हाकेला हात पुढं करायचा नसतो." मालकीणबाईंनाही हे माहीत असायचं, त्या तीनदा म्हणायच्याच. कुणी उपाशी राहायचं नाही आणि कुणाचा मानही जायचा नाही.

मामाकडं मी पहिल्या हाकेलाच खात होते. सुट्टीत गेले की आक्का माझ्या मांडीला चिमटा काढायची. "बये, जरा दम धर की." मी दम कधी धरला नाही, आणि माझ्या अंगावर ते दिसतंच.

आक्काला पिशोरमध्येच दिलं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या दुष्काळात आक्काच्या सासरच्या मेंढ्या गेल्या. काही मेल्या, उरलेल्या मिळेल त्या भावात कसायाला दिल्या. तिचा नवरा आधीच वारलेला. एकुलता मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागलेला होता, तो तिला शहरात घेऊन आला. शहराचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं, बाकी सगळं बदलत होतं. बायपासच्या पलीकडं जिथं ज्वारी व्हायची तिथं प्लॉट पडलेले, प्लॉटवर दोन दोन खोल्या उभ्या राहिलेल्या आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. दारोदार निळे ड्रम. पहिल्यांदा तिला तिथं भेटायला गेले तेव्हा ती गच्चीवर उभी राहून सगळीकडं बघत होती. मला म्हणाली, "ह्या वावरात आमी मेंढ्या बसिवल्यात. ती हीर होती बघ तिथं." ती दाखवत होती त्या विहिरीच्या जागी मोबाइलचं दुकान होतं.

पहिलं वर्ष ती मुलासाठी स्वयंपाक करायची, स्वतः खायची आणि बसून राहायची. मेंढ्या नाहीत, चालणं नाही. ती सुटली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या ब्लाउजची माया उसवली. ती आरशात बघून लाजली, म्हणाली, "तुझ्यावानी दिसाय लागले की गं." मी म्हटलं, "मग चांगलीच दिसायला लागलीस." दोघी हसलो. त्या वर्षीची आक्का मला फार आवडायची.

मग सून आली. शहरातली, शिकलेली, बोलायला गोड. आक्कानं तिला ओवाळून घरात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी चूल तिच्या हाती सोपवली. आमच्यात हे असंच. चूल एकदा सुनेची झाली की सासूनं तिच्या डब्यांना हात लावायचा नाही, सून वाढेल ते खायचं. गॅसची शेगडी असली तरी चूल ती चूल. नातू झाला, घर भरलं. बाळंतपणात सून वाढली आणि परत पहिल्यासारखी झाली नाही. ती माझ्याकडं ब्लाउज घेऊन आली की रडवेली व्हायची.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या मंदिराच्या सभामंडपात एक आहारतज्ज्ञ मुलगी दर शनिवारी बायकांना बोलवायला लागली. मी गेले आणि सुनेलाही घेऊन गेले. मुलगी सांगायची ते ऐकून आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. कोबीचं पाणी सोडा म्हणाली. अमुक खाऊ नका, तमुक खाऊ नका, हे सगळं सोडा. भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा, पोट खोटं बोलत नाही. आणि घरात कुणाला आग्रह करू नका, कुणाचा करून घेऊ नका. "आग्रह म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर अतिक्रमण," असं ती म्हणाली. आमच्या शहरात अतिक्रमण हा शब्द पोरांनाही समजतो, सगळ्या हसल्या.

माझं काय झालं ते आधी सांगून टाकते. पहिले दोन महिने मी दावं तुटलेल्या म्हशीसारखं खाल्लं. इमरती, भजी, रात्रीचा भात, पुन्हा इमरती. वजन वाढलं, माझ्याच ब्लाउजची माया संपली, काखेत तुकडे जोडावे लागले. नवरा म्हणाला, "तुझं पोट फारच बोलकं निघालं." मग एके दिवशी इमरती अर्धी खाऊन मी बाजूला ठेवली आणि तासाभरानं माझ्या लक्षात आलं की आपण ती अर्धी ठेवलीय. हे आयुष्यात प्रथमच घडत होतं. वाढलेलं वजन काही उतरलं नाही, आजही नाही. पण काट्यावर मंगळसूत्र वर धरून उभं राहणं सुटलं, आणि त्या मुलीचे उपकार मी अजून मानते.

सुनेला तर तिनं जन्माचं सोडवलं. तिची आई तिला लहानपणी ताटातलं संपेपर्यंत उठू द्यायची नाही, हात धरून घास कोंबायची, आणि वर पाहुण्यांपुढं तिला "आमची जाडी" म्हणायची. ती शपथ घेऊनच घरी गेली की आपल्या घरात कुणावर बळजबरी करायची नाही. स्वयंपाक करून ओट्यावर झाकून ठेवायचा, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्यानं हातानं घ्यायचं. सासूला मात्र ती आवर्जून विचारायची. "आत्या, जेवता का?" आक्का म्हणायची, "नगं." सून म्हणायची, "बरं."

पुढच्या वर्षात आक्का माझ्याकडं ब्लाउज घट्ट करायला तीनदा आली. येईल तशी मी टिपा मारत गेले. गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, "काय करता हो आक्का, आम्हाला पण सांगा." मला हेवा वाटला, सरळ सांगते. एकच शिकवण, मी फुगले आणि ती उतरली. मला वाटलं, काटक हाडाची ती, तिचं पोट तिला खरं सांगत असणार.

मग एका रविवारी ती माझ्याकडं जेवायला होती. मी मटणाचा रस्सा केला होता, बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. तिनं एक भाकरी खाल्ली आणि ताटात हात झटकला. मी आग्रह केला नाही, मीही आता शिकलेली होते ना. तेवढ्यात शेजारच्या खाला वाटीभर शीरखुर्मा घेऊन आल्या, त्यांच्याकडं पाहुणे येऊन गेले होते. त्या आमच्याच वयाच्या, तोंडानं फटकळ, मनानं मोकळ्या. आक्काच्या ताटाकडं बघून त्या दारातच थांबल्या.

"इत्ताच? और लेव ना बाजी."

"नगं, झालं मपलं."

"कायका झाला? चिडिया बी इससे जास्ती खाती. लेव."

"नगं वं, पोट भरलं."

"मेरी कसम है तुमकू," खाला म्हणाल्या, खाली बसल्या आणि टोपल्यातली भाकरी उचलून त्यांनी आक्काच्या ताटात घातली, वर रस्सा ओतला.

आक्कानं ती भाकरी खाल्ली. खालांनी आणखी एक घातली, तीही तिनं खाल्ली. मग वाटीभर शीरखुर्मा बोटानं पुसून खाल्ला. ती मान वर करत नव्हती, आणि रस्सा तिखट होता म्हणून तिच्या डोळ्यांतून पाणी येतंय असं मी थोडा वेळ स्वतःला सांगत बसले. खाला गेल्यावर मी दार लावून तिच्यासमोर बसले.

"आक्का, तू घरी उपाशी राहतीस?"

"उपाशी कामून ऱ्हाईन? खाते की."

"किती खातीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सून लई गुनाची हाय. रोज इचारती, जेवता का म्हनून. म्या नगं म्हन्ते. ती बरं म्हन्ते." ताटाच्या कडेवर ती बोट फिरवत राहिली. "एकदा नगं म्हनलं तर मानूस बरं म्हन्तं व्हय गं?"

मी म्हटलं, "अगं मग हातानं घ्यावं. ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं."

"दुसऱ्याच्या चुलीवरचं हातानं घिऊ? कुत्रं हाय का मी?"

"तुझीच सून आहे, तुझंच घर आहे."

"मपलं आसतं तर कुनीतरी तिसऱ्यांदा म्हनलं आसतं की," ती म्हणाली.

मला त्या वेळी इतका राग आला की कुणाचा आला हेही कळेना. तशीच रिक्षा करून मी बायपासच्या पलीकडं गेले आणि सुनेला सगळं सांगितलं. ती पोराला मांडीवर घेऊन ऐकत होती. ऐकता ऐकता रडायला लागली. "मावशी, मी त्यांच्या नाहीचा मान राखत होते. माझ्या नाहीचा कुणी कधी राखला नाही म्हणून." तिचं काय चुकलं होतं, ते मला आजही बोट ठेवून सांगता येत नाही. आक्काचंही काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सून आग्रह करायला लागली. पण तिला तो येत नव्हता. "घ्या आत्या, घ्या ना, घ्याच," असं ती एका दमात म्हणायची, मधे नगं म्हणायला जागाच ठेवायची नाही. आक्काला लगेच कळलं की हे मी सांगून झालेलं आहे. मागून घेतलेला आग्रह तिला घशाखाली उतरेना. ती खायची, पण परक्याच्या घरी अवघडून बसल्यासारखी. महिनाभरानं गावाकडच्या घराच्या छपराची पाखं बसलीत, शाकारून येते असं निमित्त काढून ती पिशोरला गेली आणि राहिलीच.

पुढचा दुष्काळ सुरू झाला होता. गावात टँकर येत होता, हंड्यांची रांग लागत होती. उन्हाळा लागता लागता मी तिला बघायला गेले. ती जावेच्या घरी जेवायची. जाऊ गरीब, ताटात भाकरीसोबतचं कोरड्यास म्हणजे पाणीच. तिनं माझ्यासमोर आक्काला तीनदा म्हटलं, आक्कानं दोनदा नगं म्हटलं आणि भाकरी घेतली. कुठंच काही घडलं नाही अशा तऱ्हेनं दोघी जेवत होत्या. आक्काच्या गालावर थोडं मांस आलं होतं.

मी निघताना ती एसटीपर्यंत सोबत आली. फाट्यावर उभं राहून तिनं विचारलं, "पोरगं काय म्हन्तं? मला न्यायचं काई बोलतं का?"

"बोलतो की. तू येशील का?"

"नगं बाई. इथं बरं हाय मला," ती म्हणाली आणि एसटी येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिली.

मी घरी येऊन आक्काच्या मुलाला फोन केला, आईला आणायला जा म्हटलं. तो बिचारा रजा टाकून गेला. संध्याकाळी एकटाच परत आला. मी त्याच्याकडंच येऊन थांबले होते, विचारलं, काय झालं. म्हणाला, "तिला म्हटलं, आई, चल. ती नगं म्हणाली."

"मग?"

"मग काय, बरं म्हटलं. मावशी, तिची इच्छा नाही तर बळजबरी कशी करू?"

मी त्याच्यावर ओरडले. अरे गाढवा, तू धनगराच्या पोटचा ना, तीनदा विचारायचं असतं तुला माहीत नाही? त्याला खरंच माहीत नव्हतं. तो तालुक्याच्या वसतिगृहात वाढलेला, तिथं घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभं राहायचं असायचं. सून आतून आली आणि म्हणाली, "आपण सगळे जाऊ, मावशी. पोराला घेऊन जाऊ. मी त्यांचा हात धरून म्हणेन." पोराला ताप होता, तो उतरला की जायचं ठरलं.

पोराचा ताप उतरायच्या आत फोन आला. आक्का दुपारच्या उन्हात टँकरच्या रांगेत उभी होती, तिथंच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली होती.

दहावा पैठणला केला. धरणाच्या पोटातली जुनी झाडांची खोडं उघडी पडली होती, घाटाच्या पायऱ्या कोरड्या होत्या आणि पाणी पार खाली गेलं होतं. सुनेनं पहाटे उठून सगळं स्वतः रांधलं होतं. बाजरीची भाकरी, पिठलं, मटणाचं चालत नाही म्हणून आक्काला आवडायची ती शेंगदाण्याची चटणी, वाटीभर खीर. गुरुजींनी पिंड मांडले. मुलानं पान ठेवलं आणि आम्ही सगळे मागं सरलो. आमच्यात माहीत असतं, मनात काही राहिलेलं असेल तर कावळा शिवत नाही, मग एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं असतं, हे करीन, ते करीन म्हणून. मी तयारीनं आले होते. सून माझ्याशेजारी हात जोडून उभी होती, तिचे ओठ हलत होते. काय म्हणायचं ते ती मनात घोकत होती, हे मला दिसत होतं. या वेळी ती एका दमात म्हणणार नव्हती, मधे जागा ठेवून म्हणणार होती.

तिला तोंड उघडायला मिळालंच नाही. आम्ही मागं सरलो, आणि कावळा सरळ येऊन पानावर बसला. आधी भाकरीला चोच मारली, मग पिठल्याला, मग खिरीला. नातेवाइकांनी सुटकेचा श्वास टाकला. "समाधानानं गेली," कुणीतरी म्हणालं. "काही मागं नव्हतं तिचं, तृप्त होती." मुलगा डोळे पुसत खाली बसला. जो तो आपापली पिशवी उचलायला लागला.

सून हात जोडलेलेच ठेवून पानाकडं बघत होती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "एकदाही नको म्हणाल्या नाहीत."

मी तिला जवळ घेतलं. जन्मभर जी पहिल्या हाकेला हलली नाही, ती आज कुणी हाक मारायच्या आधीच येऊन बसली होती. इतकी भूक लागली होती तिला.